रेझिस्टन्सचे पेढे

"रेझिस्टन्स आलाय," डॉक्टर म्हणाले, आणि आमच्या मिस्टरांनी हात जोडले.

आमच्या बदलापुरात कुणी सारखं आजारी पडलं की लोक म्हणतात, रेझिस्टन्स पॉवर कमी आहे. ती असली की माणूस तगतो. माझ्यात ती आली, असंच मिस्टरांना वाटलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. "आता औषध बदलू, पुढच्या वेळी सविस्तर बोलू," एवढं डॉक्टर बोलेपर्यंत दुसरी पेशंट आत आली होती. आम्ही उठलो.

मला ओव्हेरियन कॅन्सर, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर. सुरुवातीला नुसतं पोट फुगायचं. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मी दिवसभर शिलाई मशीनवर असायचे. बसून बसून गॅस धरतोय म्हणत गोळ्या खात राहिले. बायांनो, तसं करू नका. मग ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले आणि गाठही परत आली. पुन्हा केमो. तोवर मला काही वाटेनासंच झालं होतं. वेटिंगमध्ये बसले की नाव पुकारेपर्यंत भिंतीकडे बघत राहायचे.

त्या संध्याकाळी मिस्टरांनी पेढे आणले आणि शिरगाव भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार वाटले. "हिची रेझिस्टन्स पॉवर वाढलीये. डॉक्टर स्वतः बोलले."

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बघा, मी बोलली नव्हती?"

मीही एक पेढा तोंडात टाकला. केमोमुळे तोंडाला सारखी लोखंडाची चव असायची. पेढाही तसाच लागला.

पुढच्या वेळी मिस्टर खाली औषधं आणायला गेले होते. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, रेझिस्टन्स आला तर रिपोर्टात गाठ वाढलेली का?"

डॉक्टर म्हणाले, "ताई, रेझिस्टन्स तुमच्यात नाही, कॅन्सरमध्ये आलाय. त्याला केमोची सवय झाली. आता ती चालत नाही."

मला रडू आलं नाही. पेढे घरोघरी गेलेत, एवढंच डोक्यात आलं.

मग त्यांनी टार्गेटेड थेरपी समजावली. म्हणजे कॅन्सर ज्यावर वाढतो नेमकं तेच अडवणारं औषध. "पण एकच रस्ता बंद केला तर तो दुसऱ्या रस्त्यानं जातो. म्हणून दोन औषधं एकत्र द्यायची. एकानं गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा, दुसऱ्यानं वाढीचा सिग्नल. ही ट्रायल आहे, अजून अभ्यास चालू आहे. खात्री देणार नाही."

फाटक बंद असलं की आमचे रिक्षावाले गल्लीतून काढतात, तसंच हे. मला लगेच कळलं.

मिस्टरांना मी बाहेर बाकावर सांगितलं. ते हातातल्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिले. "मग तुझी पॉवर?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"तुझ्यावर प्रयोग करणार?"

"नाहीतर काहीच करणार नाहीत."

मग त्यांनी विरोध केला नाही. पेढ्यांची चूक बिल्डिंगमध्येही ते स्वतःच सांगून आले. नेमकं काय बोलले, मी कधी विचारलं नाही.

एक औषध सलाईनमधून, दुसरं रोजची गोळी. तोंडावर पुरळ उठलं, बीपी वाढलं, नाकातून रक्त यायचं. अशा वेळी न लाजता डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतात. माझा त्यांनी केला.

काही महिन्यांनी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "स्टेबल."

मिस्टरांनी हात जोडले नाहीत. "सर, हे चांगलं की वाईट, आधी ते सांगा."

डॉक्टर हसले. "गाठ गेली नाही. पण वाढलीही नाही. तुमच्यासाठी आज हे चांगलंच आहे."

मिस्टरांनी तेच पुन्हा एकदा वदवून घेतलं. डॉक्टरांनीही न कंटाळता सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. तुम्हीही विचारा. न कळलेला शब्द घरी नेऊ नका.

येताना मिस्टरांनी पाव किलोच पेढे घेतले. कुणाला वाटले नाहीत. घरी आल्यावर एक माझ्या हातावर ठेवला आणि बघत बसले.

गोड लागला. किती दिवसांनी! मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले, आणि मिस्टर घाबरून विचारत राहिले, "अगं, चांगलं ना? डॉक्टर चांगलंच बोलले ना?"