नवा नंबर

“ताई, दाबू का?” असं विचारल्याशिवाय काकांनी मोबाइलवर कधी बोट टेकवलं नाही. बोट आधी धोतराला पुसायचं, मग हवेत धरून माझ्याकडे बघायचं. मी मान हलवली की मगच दाबणार.

अर्धापुरात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना कुणीतरी फोनवरून गंडवलं, तेव्हा मी रविवारी सकाळी दुकानातच त्यांचा वर्ग सुरू केला. ओटीपी सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही, नवा नंबर उचलायचा नाही. फुकट शिकवत होते, त्यामुळे थोडा टेंभाही मिरवत होते.

काका केळीवाले. सत्तरी ओलांडलेली, पण वर्गाला सगळ्यांत आधी हजर. एकदा जावयानं नवीन सिम घेतलं, तर त्यालाही त्यांनी दोन दिवस ताटकळत ठेवलं. “आधी लेकीला बोलू द्या, मग पटंल,” म्हणाले. वर्ग पोट धरून हसला. मी मात्र त्यांचंच उदाहरण सगळ्यांना द्यायचे. असा ऐकणारा विद्यार्थी मिळाला की शिकवणारा कसा फुगतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

त्या रविवारी मी एका मुलीचा फॉर्म भरत होते. शेवटची तारीख होती. मागून काकांचा आवाज आला, “ताई, नवा नंबर हाय. काय करू?”

“कापा,” मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले.

पुन्हा वाजला. “त्योच हाय. लई येळ वाजून राहिलाय. उचलून बघू का?”

“काका, किती वेळा सांगायचं? कापा म्हटलं ना!”

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. गुपचूप कापला.

तो त्यांच्या भाच्याचा फोन होता. त्याची बॅटरी संपलेली, म्हणून किनवटच्या दवाखान्यातून तो नर्सच्या मोबाइलवरून लावत होता. काकांची थोरली बहीण शेवटच्या घटका मोजत होती आणि भावाशी एकदा बोलायचं म्हणत होती. दुपारी शेजाऱ्याकडे निरोप आला. काका पोचले तेव्हा अक्का गेलेली होती. बोट काकांचं असलं तरी फोन मीच कापला, असं मला अजून वाटतं.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते. उलट काकाच म्हणाले, “तुमची काय चूक न्हाई, ताई. तुम्ही आमच्या भल्याचंच सांगितलं.” त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मी निदान रडले तरी असते. त्यांनी चहा पाजला आणि निघताना केळीचा घड हातात दिला.

वर्गाला ते परत आले नाहीत.

परवा बसस्टँडवर दिसले. मोबाइल वाजला, नंबरकडे न बघताच त्यांनी तो कानाला लावला. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे पलीकडचा गोडगोड हिंदी आवाज त्यांच्या बाकामागे उभ्या असलेल्या मलाही ऐकू येत होता. तो बँकेतून बोलतोय म्हणत होता. “हाव, बोला. मी ऐकून राहिलो. बोला की,” काका म्हणत होते. मी चार पावलं पुढे गेले. दोन्ही हातांनी त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला होता, आणि फोन ठेवा म्हणायला माझी जीभ रेटेना.