मास्कची तार

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी एकोणीस वर्षं सिस्टर आहे, आणि एका गोष्टीचा मला माज होता, हे सरळ कबूल करते. इवल्याशा हातावर सलाईनसाठी शीर सापडेनाशी झाली की डॉक्टरसुद्धा मलाच बोलवायचे. मी जायचे, एकदाच टोचायचे आणि परत यायचे.

करोनाच्या दिवसांत मास्कच्या तारेने माझ्या नाकावर जखम झाली होती. तेव्हापासून सवयच लागली, नवा मास्क हातात आला की आधी वरची तार ओढून फेकायची. आमच्यातल्या निम्म्या जणी तेच करतात. नाक सुखावलं, पण वरची कड मोकळी राहिली आणि माझाच श्वास आठ-आठ तास माझ्या डोळ्यांवर जायला लागला. त्यात तो एसी! दुपारपर्यंत डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं खुपायचं, आणि हातात ग्लोव्हज, म्हणजे चोळायचीही सोय नाही. येरवड्याला घरी जाताना बसमध्ये डोळे मिटून बसायचे, ती एक स्टॉप पुढे उतरायचे. नवरा म्हणायचा, "अगं, दाखव की एकदा डोळे." दाखवते कसली! नजर अधू झाली असं कुणी म्हटलं असतं तर हातातली सुई काढून फायली दिल्या असत्या.

मागच्या उन्हाळ्यात सातव्या महिन्यातच जन्मलेलं एक बाळ आमच्याकडे होतं. आई खराडीच्या पुढच्या एका गावातली, ओली बाळंतीण, पोटाचे टाके सांभाळत बाळाजवळ स्टुलावर बसलेली. सकाळी बाळाची सलाईनची सुई निघाली. ती पुन्हा लागल्याशिवाय औषध जाणार नव्हतं. मला बोलावलं.

शीर दिसली, मग पुसट झाली, मग दोन झाल्या. टोचलं. चुकलं. बाळाचा दुसरा हात घेतला, तिथेही चुकलं. तेवढ्यात डोळ्यांतून पाण्याची धार लागली, थांबेचना, मास्क ओला झाला.

"सिस्टर, रडताय का ओ तुम्ही?" आई ताडकन उठली. "माझं लेकरू हाय ना? खरं सांगा मला!"

"अहो, बाळ ठीक आहे. हे मास्कमुळे होतंय."

"मास्कनं कोण रडतंय?" असं म्हणत ती हमसून रडायला लागली.

तिचं तरी काय चुकलं? तिसऱ्यांदा टोचायला माझा हात शिवशिवत होता, खोटं कशाला सांगू. पण त्या चिमुकल्या हातावर दोन निळे डाग माझ्यामुळे उमटले होते. मी सुई खाली ठेवली आणि मीच शिकवलेल्या एका पोरीला हाक मारली. तिने पहिल्या फटक्यात लावली. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

इन्चार्ज सिस्टरना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "डोळे कोरडे पडलेत, म्हणूनच पाणी येतंय." वा, झकास! थेंब दिले, मास्क वरून चिकटपट्टीने बंद करायला सांगितला आणि काही महिने बारीक काम बंद. आता मी दुधाच्या वेळा आणि वजनं लिहिते. कंटाळा येतो. फार येतो.

दीड महिन्याने ते बाळ घरी निघालं. आई मुद्दाम मला शोधत आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाकीच्या सगळ्या हसून होईल बरं, होईल बरं म्हणायच्या. माझ्या लेकरासाठी रडल्या त्या तुम्ही एकट्याच."

एवढ्या वर्षांत कुठल्याच बाळासाठी माझे डोळे भरून आलेले मला आठवत नाहीत. त्या सकाळीही मला वाईट वाटलं होतं ते चुकलेल्या सुईचं. हे तिला सांगायला तोंड उघडलं, पण धीर झाला नाही. "टोपडं नीट बांधा, बाहेर वारं आहे," एवढंच म्हणाले.