दमाची सरकी

दमलेल्या जिवांचा माझ्या मामाइतका विचार साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. फक्त ते जीव म्हणजे जुन्या कोटांच्या आणि सदऱ्यांच्या गुंड्या होत्या, एवढं त्याला जोडावं लागतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. यवतमाळला मामाकडे राहायला आलो तेव्हा शहरातली माणसं फार हुशार असतील आणि आपलं त्यांच्यापुढे कसं होईल, या विचाराने मी घाबरून गेलो होतो. मामाला पाहून माझी ती भीती पुष्कळ कमी झाली.

मामा कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनात काट्यावर कामाला होता. गाड्यांतून आलेला कापूस तोलून घ्यायचा आणि शेतकऱ्यांशी हुज्जत घालायची, हे त्याचं काम. पण हे काम आपण केवळ पोटासाठी करतो, खरं काम घरी बारदान्यावर वाट पाहत आहे, असा भाव त्याच्या तोंडावर सदैव असे. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायच्या आधी तो ओसरीत पोत्याचा बारदाना अंथरी. त्यावर खडूने मोठं वर्तुळ काढलेलं असे. ते क्रिकेटचं मैदान. एका बाजूला यवतमाळ जिल्ह्याच्या गुंड्या, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा साहेबाच्या फाटक्या कोटावरून काढलेल्या पितळी गुंड्या. त्या परदेशच्या. बैलाच्या गळ्यातल्या माळेतून सोडवलेल्या पाच कवड्या तो हातात खुळखुळवी आणि फेकी. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितक्या धावा, आणि पाचही पालथ्या पडल्या तर गडी बाद. दोन्ही बाजूंनी कवड्या तोच फेकी, टाळ्याही तोच वाजवी आणि पंचाशी भांडणही तोच करी. पंच अर्थातच तोच असे.

त्याने खरं क्रिकेट जन्मात पाहिलं नव्हतं. स्टँडजवळच्या हॉटेलातल्या रेडिओवर इंग्रजीतून जे वर्णन येई ते ऐकायला तो एका चहावर दिवसभर बसे. त्यातलं त्याला एक अक्षरही कळत नसे. कळत नाही हे मात्र त्याने कोणाला कळू दिलं नाही. एकदा शेजारी बसलेल्या कोणा मास्तरांनी त्याला सांगितलं, की आपला गोलंदाज दमला आहे तरी कप्तान त्यालाच पुढे रेटतो आहे, आता सामना जाणार. सामना गेला. त्या दिवशी मामाच्या डोक्यात जे शिरलं ते पुन्हा बाहेर आलं नाही. "आपन खेळानं नाई हारत बे," तो मला गंभीरपणे सांगे, "आपन थकव्यानं हारतो. कप्तानाले बॉलरचा दम मोजता आला पायजे."

आणि दम मोजायला त्याने सरकी घेतली होती. जिनात कामाला असल्यामुळे सरकीला तोटा नव्हता. प्रत्येक गोलंदाज गुंडीच्या शेजारी सरकीच्या दाण्यांची एक ढिगली असे. तो त्या गुंडीचा दम. एक षटक टाकलं की एक दाणा उचलायचा. ढिगली संपली की गोलंदाज दमला, आणि दमलेल्या गोलंदाजापुढे फलंदाजाला एक कवडी जास्त मिळे. गुंडीला बाहेर बसवून विश्रांती दिली तरच तिच्या ढिगलीत पुन्हा दाणे पडत. राजूरच्या खाणीतला म्हणून एक काळा जलद गोलंदाज होता, ओव्हरकोटाची भली मोठी गुंडी. खाणीतला माणूस असल्यामुळे त्याला इतरांपेक्षा जास्त सरकी मिळे. सामना संपला की मामा त्याला रुईच्या कापसात गुंडाळून डबीत निजवी आणि काडीच्या टोकाने त्याला गोडेतेल लावी. "खांदा धरला हाये त्याचा," तो म्हणे. गुंडीला खांदा कुठे असतो, हे विचारायचं धैर्य मला कधी झालं नाही. फुलसावंगीचा फिरकी गोलंदाज तर माझ्याच सदऱ्याची गुंडी होता. माझ्याजवळ कॉलेजात घालण्यासारखा एकच सदरा होता. मी आंघोळीला गेलो असताना मामाने त्याची वरची गुंडी कापून घेतली, आणि मी टाचणी लावून वर्गात बसलो. तक्रार केली तर म्हणाला, "आपल्याजोळ फिरकीवाला नव्हता बे. जिल्ह्यासाठी एवढं बी नाई करशीन तू?"

मामीला या सगळ्याचा मनापासून तिटकारा होता आणि तो ती लपवीत नसे. एकदा दार उघडं राहिलं आणि शेळीने ओसरीत शिरून सगळी सरकी खाऊन टाकली. मामा कपाळाला हात लावून बसला. नवी सरकी आणून टाकावी, तर ते त्याच्या कायद्यात बसेना. दम बाहेरून विकत आणता येत नाही, तो विश्रांतीनेच भरला पाहिजे. म्हणून त्याने जिल्ह्याचे सगळे सामने थांबवले. मामी भांडी घासता घासता म्हणाली, "त्याच शेळीच्या दुधाचा च्या करून देतो. पिऊन घ्या. तुमच्या टीमचा दम पोटात तरी जाईन."

"तुले काय समजते व त्यातलं?"

"मले कायले समजन? मी काय गुंडी हाओ?"

मला मामीचंच पटत असे. मामाच्या बाजूने बोलण्यासारखं मला त्या दिवसांत फक्त एकच सापडलं होतं. तो लबाडी करत नसे. एका सामन्यात आपल्या जिल्ह्याला शेवटच्या षटकात परदेशाला रोखायचं होतं, आणि राजूरच्या काळ्याची ढिगली संपली होती. एक दाणा हळूच सरकवला असता तर कोणाला कळलं असतं? ओसरीत मी होतो, आणि मी इतिहासाच्या पुस्तकात तोंड खुपसून बसलो होतो. मामाने त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिलं, परदेशाला एक जास्तीची कवडी दिली आणि सामना हरला. त्या दिवशी तो जेवला नाही. मामीने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाली, "गुंड्याइच्या सुतकात हायेत तुहे मामा."

मामीचं माहेर बोरी अरबचं. तिकडे तिची म्हातारी आई होती. तिची दृष्टी गेली होती, आता माणसंही विसरत चालली होती. बाजाराला येणाऱ्या माणसांकडून निरोप येत, की म्हातारी लेकीचं नाव घेते, एकदा येऊन जा. मामी विचारी आणि मामा म्हणे, "सीझन संपू दे." जिनाचा सीझन संपला की मामाच्या मोठ्या सामन्यांचा सीझन सुरू होई, आणि तो संपेपर्यंत गाड्यांतून पुन्हा कापूस यायला लागे. मामी गेली तर स्वयंपाक कोण करील, पाणी कोण आणील, हा प्रश्न मामा तोंडाने कधी विचारत नसे, पण त्याच्या प्रत्येक उत्तरात तो बसलेला असे. पहाटे विहिरीचं पाणी, मग दळण, मग चूल, आमचे डबे, मग जिनात कापसातला केरकचरा निवडायची रोजी, आणि परत येऊन पुन्हा चूल. मामी कधी बसलेली मला आठवत नाही. आमच्या घरीही माझी आई कधी बसत नसे, म्हणून मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी बोरीचा माणूस पुन्हा आला. म्हातारी आता शेजारणीलाच लेक समजून तिचा हात धरते, एवढंच त्याने सांगितलं आणि पाणी पिऊन तो निघून गेला. मामी ओसरीत आली. मामा राजूरच्या काळ्याला बाहेर बसवायचं की नाही, या विवंचनेत होता.

"ऐकलं का? मी जातो बोरीले."

"थांब व जरा. याले अराम देऊन राह्यलो. सीझन संपला का..."

मामीने पदराच्या गाठीतून काहीतरी सोडलं आणि खडूच्या वर्तुळात मधोमध ठेवलं. ते तिच्या पायातलं जोडवं होतं. मामाचा चेहरा एकदम उतरला.

"जोडवं कायले काढलं व? मी जिता हाओ ना अजून!"

"पाय सुजले. बोटात रुतून राह्यलं होतं, म्हून सकाऊनच काढलं." मामी खाली बसली. मी तिला दिवसाढवळ्या बसलेली प्रथमच पाहत होतो. "हे मी. आता माह्या दमाची सरकी ठेवा याच्याजोळ, अन् किती उरली थे सांगा."

मला वाटलं मामा आता ओरडेल, किंवा हसण्यावारी नेईल. पण त्याच्यासमोर वर्तुळात एक नवा गडी येऊन बसला होता, आणि सवय मोठी वाईट असते. त्याने मूठभर सरकी घेतली आणि जोडव्याशेजारी ढिगली केली. ढिगली राजूरच्या काळ्यापेक्षा मोठी केली, हे मी पाहिलं.

"पानी," मामी म्हणाली. मामाने एक दाणा उचलला.

"दळन." दुसरा उचलला.

"सैपाक. तुमचा डबा. या पोराचा डबा. जिनातली रोजी." ती सांगत गेली आणि तो उचलत गेला. तिचा आवाज जराही चढला नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तसं ती सांगत होती. ही सगळी कालच्या एका दिवसाची कामं होती, आणि त्या दिवसाची संध्याकाळ यायच्या आत बारदान्यावर नुसतं जोडवं उरलं.

"रातच्या अरामाचे दाने वापस टाकतो," मामा घाईने म्हणाला.

"टाका ना. पन तुमचाच कायदा हाये, बाहीर बसल्याबिगर दाना पडत नाई. मी बाहीर कवा बसली?"

मामा आठवू लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "थे आपल्या पोरीच्या, बबीच्या लग्नाच्या वक्ताले..."

"बबीच्या लग्नात सारा मांडव जेवू घातला म्या."

मी वाट पाहत होतो, की आता हा काहीतरी पळवाट काढील, कायद्यात एखादं कलम घुसडील. तसं केलं असतं तर आयुष्यभर त्याला हसायला मी मोकळा झालो असतो. त्याने बोटाने जोडवं हळूच पुढे सरकवलं आणि खडूच्या रेघेबाहेर ठेवलं.

"बाहीर बसन ती," तो म्हणाला. हे तो मामीला सांगत होता की मला की त्या गुंड्यांना, ते मला आजही सांगता येणार नाही.

"किती दिवस?" मामीने विचारलं.

"दम भरेस्तोवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे स्टँडवर गेलो. मामा एका रात्रीत शहाणा झाला होता असं नाही. वाटेत त्याने मामीला भाकरीचं पीठ कसं मळायचं ते दोनदा विचारलं, मीठ कधी घालायचं ते विचारलं, आणि गाठोडं माझ्याकडे देऊन स्वतः हात हलवत चालला. बोरीवरून पुढे जाणारी दारव्ह्याची मोटार लागलेली होती. मामीला खिडकीजवळ जागा मिळाली. मामा खाली उभा राहून सांगण्यासारखं काहीतरी शोधत होता. ते सापडून त्याने वर पाहिलं, तर मामीने डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं आणि ती गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं. मोटार अजून सुरूही झाली नव्हती.

मामाने तोंडातलं तोंडातच ठेवलं. मग तो कंडक्टरकडे गेला.

"भाऊ, घंटी जराशी हळू वाजवजो. बाई झोपली."

"हळू वाजवली तं डायव्हरले ऐकू कशी येईन, काका?"

"अन् बोरी आली अन् ती उठली नाई, तं उठवू नको. जाऊ दे दारव्ह्यापर्यंत. येतानी वापस उतरून दे बोरीले."

कंडक्टरने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "डोकं ठिकानावर हाये ना काका तुमचं?" तो म्हणाला. या प्रश्नाचं उत्तर मी गेले कित्येक महिने देऊ शकलो असतो. पण त्या वेळी माझ्या तोंडून ते निघालं नाही.

मोटार गेली. घरी येऊन आम्ही चूल पेटवायला बसलो. धूर खूप झाला, जाळ काही होईना. बारदाना कोपऱ्यात गुंडाळलेला होता. मामा फुंकणी खाली ठेवून ओसरीत जाऊन बसला आणि रस्त्याकडे पाहत राहिला.

"आता बोरी आली असन," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

बराच वेळ गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "कोनी उठवलं नसन ना बे तिले?"