पिराजीची गाठ

वीस वर्षं पिराजीनं कोल्हापुरात परांच्या बांधल्या. इमारतीला बाहेरून बांबू बांधायचे, वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर उभं राहून गवंड्यांनी गिलावा करायचा. त्याची गाठ कधी सुटली नव्हती. मंगळवार पेठेतल्या कामावर मात्र कुणीतरी त्याच्या गाठीचा सुंभ सोडून पाण्याचं पिंप बांधायला नेला, आणि पिराजी दुसऱ्या मजल्यावरून फळीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली. मुकादमानं सगळीकडं सांगितलं, पाय घसरला. मांडीपेक्षा ते त्याला जास्त लागलं.

आता तो राजारामपुरीतल्या एका बांधकामावर राखणदार होता. बायको पारूबाई तिथंच घमेली वाहायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. रोज सकाळी काठी टेकत बांबू न् बांबू हलवून बघितल्याशिवाय हा बाबा कुणाला वर सोडायचा नाही. स्वतः मात्र दीड वर्षात एकदाही चढला नव्हता. बांबूवर पाय ठेवला की लगेच खाली घ्यायचा.

त्या दिवशी बांबू हलवला, तर दुसऱ्या मजल्यावरची फळी डुगडुगली.

"केरबा, माणसं थांबीव. वरचा सुंभ कुणीतरी सोडलाय."

इथला मुकादम केरबा हसला. "दुधानं तोंड पोळलंय तुझं. आता ताक फुकून पितोयस."

"ताक न्हवं, दूधच हाय ते!"

केरबानं पाठ फिरवली. पारूबाईनं घमेलं डोक्यावर घेतलं.

"पारू, वर जाऊ नगंस."

"अवो, गवंडी खोळंबल्यात की."

पिराजीनं काठी टाकली. सुंभाचं वेटोळं खांद्यावर घेतलं आणि चढला. मांडी ठणकत होती. जोडावर खरंच गाठ नव्हती. त्यानं चार वेढे घेतले, आवळले, फळी हलवून बघितली. मग खाली नजर गेली आणि हात बांबूला चिकटले ते सुटेनातच. खालून सगळे ओरडत होते. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज.

पदर खोचून पारूबाई बाहेरच्या बांबूंवरून वर आली. तिनं त्याचा घोटा धरला.

"डावा पाय सोडा. मी धरलोय."

"तू कशाला आलीस वर?" तो खेकसला.

"गाठ तुमीच बांधलीया न्हवं? मग मला कशाचं भ्या?"

पिराजीनं डावा पाय सोडला.