गुलाबी ठिपका

घड्याळांच्या बारीक चाकांत आयुष्य घातलेले घड्याळजीकाका म्हातारपणी तैलरंग शिकू लागले. "डोळे किलकिले करा, बारकावे सोडा, नुसता उजेड पकडा," शिक्षिकाबाई सांगत.

त्या संध्याकाळी काका गच्चीवरून खालची बाग आणि पलीकडची टेकडी रंगवत होते. बागेत काकू शिडीवर चढून वेल बांधत होत्या. "अहो, जरा शिडी धरा हो!" त्यांनी हाक मारली. ऊन भराभर उतरत होतं. दोन फटकारे मारून जाऊ, असं म्हणत काकांनी काकूंच्या कपड्यांचा गुलाबी ठिपका चित्रात टेकवला आणि तेवढ्यात शिडी घसरली.

"मी टेकडीकडे बघत होतो, कळलंच नाही," दवाखान्यात ते सगळ्यांना सांगत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. काकूंनीच प्लास्टर नसलेल्या हाताने ते फिरवलं.

"बरं जमलंय की! आणि हे गुलाबी काय? फूल का?"

काका पुटपुटले, "तू."

काकू चित्राकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी दिसत होते तुम्हाला."

"दिसत होतीस," काका म्हणाले, "आणि हाकही ऐकली होती."