पित्त नव्हतं ते

वहिनीचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या ओतूरच्या शाळेत मधली सुट्टी होती. ती रडत नव्हती. "वन्सं, तुमचं दादा गेलं," म्हणाली आणि पुढं, "पित्त नव्हतं ते." महिना उलटलाय, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रामदास. डिंगोऱ्याला शेती, जोडीला थोडी मेंढरं. भावंडांत सगळ्यात उंच. दाढी कधी धड आली नाही, म्हणून पोरवयापासून गावाची चेष्टा सोसली. लग्न झालं, मूल झालं नाही आणि बोल लागला वहिनीला. ओझरच्या गणपतीला नवस तिनं बोलायचे, उपास तिनं धरायचे, दवाखान्यात तपासण्याही तिच्याच. दादालाही तपासावं, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. त्यात त्याच्या घोट्याच्या वर जखम झाली. भरायची, पुन्हा फुटायची. डॉक्टर म्हणायचे, साखर नाही ना, मग मलम लावा, मेंढरांमागं हिंडू नका... वर्षानुवर्षं हेच.

शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी जखम बघता बघता विचारलं, मुलंबाळं किती? एवढा साधा प्रश्न! मग रक्त तपासलं. पुरुषात एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं. दादात एक एक्स जन्मतःच जादा होतं. बाईंनी सगळं समजावलं. अशा पुरुषांना मूल होणं अवघड. त्यांच्या पायांच्या शिरा अधू असू शकतात, रक्त खाली साकळतं, गुठळी लवकर धरते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पोटरी एकाएकी सुजली, दम लागला, तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा, असं त्यांनी बजावलं. पायात घालायला घट्ट मोजे दिले. जखम भरली.

त्यानंतर चुलत्यांकडे सगळी भावकी जेवायला जमली होती. तिथं एक चुलती म्हणाली, नव्या सुनेची ओटी हिनं भरायला नको. दादा भरल्या ताटावरून उठला. "दोष माझ्यात हाय, जल्मापासनं. हिला आता कुनी बोलायचं न्हाई." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पारावरचे लोक त्याला बाई म्हणू लागले. तो ऐकून घ्यायचा, पुन्हा मेंढरांकडे जायचा. माझ्या मात्र त्या पारावरून जाताना अजून अंगाची आग होते.

त्या दिवशी सकाळी त्याची पोटरी सुजली, छातीत दुखायला लागलं, दम लागला. वहिनीनं जवळच्या दवाखान्यात नेलं आणि पुण्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं तिथल्या डॉक्टरला सांगितलं, जादा एक्ससुद्धा. तो हसला. "पुरुषाला कुठं असलं असतं? मोबाइलवर वाचून येता तुम्ही. पित्त आहे." त्यानं पाय बघितलासुद्धा नाही. इंजेक्शन टोचून घरी पाठवलं. तरी वहिनीनं पुण्याला न्यायला गाडी केली. मंचर यायच्या आत, तिच्या मांडीवर डोकं ठेवून, दादा गेला... आता तोच डॉक्टर म्हणतो, नशीब. नशीब कशाला मध्ये आणता? वहिनी त्याला पुढ्यात उभी राहून सांगत होती.

परवा डिंगोऱ्याला गेले. पडवीत दादाची खाट तशीच आहे, पायथ्याच्या खुरांखाली विटा लावलेली. पायातलं रक्त माघारी वर चढावं म्हणून त्यानं स्वतःच लावल्या होत्या. एक पाहुणा विटा काढायला वाकला. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." दुपारी मी त्या खाटेवर आडवी झाले. पाय उंच, डोकं खाली, वर तापलेले पत्रे.

"त्यांना लई चांगली झोप लागायची हितं," वहिनी म्हणाली.

मला लागली नाही.