पांढऱ्या कपड्यातला माणूस

आमच्या गावच्या देवळात दर नर्मदा जयंतीला एक गोष्ट सांगतात. ती माझी आहे आणि ती खोटी आहे. परिक्रमेत मी तापाने मरायला टेकलो असताना पांढऱ्या कपड्यातला कुणी अनोळखी माणूस नदीपलीकडून औषध घेऊन आला आणि दिसेनासा झाला, अशी ती गोष्ट. यंदा कीर्तनकार महाराजांनी ती डोळे पुसत सांगितली. मला असा संताप आला की आरतीआधीच उठून घरी आलो. संताप महाराजांवर नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आणि लिंबाजी वारंगा फाट्यावरून ट्रकने नर्मदा परिक्रमेला निघालो. लिंबाजी धनगर, लहानपणापासूनचा सोबती. पीक निघालं की त्याची मेंढरं खतासाठी माझ्या वावरात बसत, आणि त्यांच्याबरोबर तोही राही. परिक्रमेची हौस त्याचीच. "जन्मभर मेंढरांमागं चाललो, एकदा मैयासंगं चालून बघू," म्हणायचा. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं आणि ती कुठेही ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा मोडली.

झाडीतल्या एका पाड्यावर मला हिवताप भरला. दवाखाना पलीकडच्या तीरावर होता. लिंबाजीने डोंगेवाल्याला थांबवलं. तो म्हणाला, "परकम्मावासी हो बाबा, पार गए तो टूट जाएगी." लिंबाजी आपल्या हिंगोलीच्या हिंदीत म्हणाला, "टूटने देव. ये मर गया तो मेरे संग कौन चलेगा?"

मी शुद्धीवर होतो. सगळं ऐकलं आणि डोळे मिटून पडून राहिलो. मला जगायचं होतं, त्याबद्दल मी स्वतःला माफ केलं आहे. तो औषध घेऊन आला. मला उभं केलं आणि उरलेली सगळी वाट माझं गाठोडं वाहत माझ्यासोबत चालला. शेवटच्या पूजेला मात्र बाहेर पायरीवर बसला. "माझी मोडली. तू कर."

माफ होत नाही ते गावातलं. परिक्रमेच्या जेवणावळीत, शेवटची पूजा माझीच झाली म्हणून, मला एकट्याला हार घातला आणि कुणीतरी विचारलं, "लिंबाजीची काहून राहिली?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पांढऱ्या कपड्यातल्या माणसाची गोष्ट सुरू केली. खरं बोललो असतो तर माझी पूर्ण परिक्रमा त्याच्या मोडलेल्या परिक्रमेवर उभी आहे, हे सांगावं लागलं असतं. "मेंढरं आठवली असतील त्याला," कुणीतरी म्हणालं. पंगत हसली. लिंबाजीही हसला. "व्हय," म्हणाला.

पुढच्या वर्षी त्याची मेंढरं माझ्या वावरात आली नाहीत. त्याचा कळप आता कनेरगावकडे जातो, असं मी लोकांना सांगितलं आणि मनातून त्याच्यावरच चिडलो. त्याला गर्विष्ठ म्हणालो. देवापुढे हात जोडूनही कितीतरी वर्षं चिडत राहिलो.

यंदा जयंतीच्या दुसऱ्या दिवशी देवळात उभा राहून सगळं सांगितलं. मग लिंबाजीकडे गेलो. तो अंगणात मेंढीच्या खुरातला काटा काढत होता.

"ऐकलं," तो म्हणाला. "माझं धोतर तवा पांढरं होतं काय रे? चिखलानं भरलं होतं."

त्याने काटा उपसून टाकला आणि मेंढीला सोडलं.

"परिक्रमा मोडली त्याचं काहीच न्हाई. ती मैयाला देऊन आलो. पण तू मला अनोळखी म्हणला. लई राग होता मला. हाय अजून."

"असू दे," मी म्हणालो.

रब्बी निघाली. एका सकाळी वावरात गेलो तर बांधापासून बांधापर्यंत मेंढरं बसलेली. लिंबाजी काठीवर हनुवटी टेकून उभा. त्याने बोलावलं नाही, मीही काही विचारलं नाही. चपला बांधावर काढून आत गेलो. मैया, हे मी तुझ्याकडे मागितलं नव्हतं. मागायला तोंडच नव्हतं.